नागपूर ते मुंबई नेमकं किती? अंतराचे तीन आकडे आणि तिकिटावरची वेळ

"विमानानं मुंबईले कितीक वेळ लागते जी?" यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या गावांत हा प्रश्न आता वरचेवर कानावर पडतो. कुणाच्या मुलाची मुलाखत असते, कुणाची मुलगी तिकडे नोकरीला लागलेली असते, कुणाला टाटा हॉस्पिटलची तारीख मिळालेली असते. विचारल्याबरोबर कुणीतरी मोबाईल काढून आकडा वाचून दाखवतं, आणि शेजारचा म्हणतो, "माह्याइकडे तं येगळंच दाखवते." एकाकडे ८३७ किलोमीटर, दुसऱ्याकडे ७०१, तिसऱ्याकडे ६८० च्या आसपास. वेळेचंही तसंच. कुठे पन्नास मिनिटं, कुठे दीड तास.

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. कोणता आकडा काय मोजतो हे माहीत नसलं, की माणूस विमानाचं महाग तिकीट काढतो आणि पोचतो मात्र रात्रीच्या गाडीनं गेलेल्या शेजाऱ्याच्या नंतर. म्हणून हे एकदा नीट समजून घेऊ.

रूळ, रस्ता आणि सरळ रेषा

८३७ हा रेल्वेचा आकडा. नागपूर स्टेशनापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रुळांची ही लांबी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्या काळी इंग्रजांना वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात न्यायचा होता, आणि वाफेच्या इंजिनांना चढ झेपत नसे. म्हणून लाईन कापसाच्या बाजारांना धरून, सपाटीवरून गेली. वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत पूर्णा आणि तापीच्या खोऱ्यातून ती भुसावळ गाठते. नकाशा उघडून पाहा, नागपूर आणि भुसावळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मुंबई मात्र नागपूरपेक्षा दोन अंश दक्षिणेला आहे. म्हणजे भुसावळपर्यंत गाडी फक्त पश्चिमेचं अंतर कापते. दक्षिणेचं जवळपास सगळं अंतर त्यानंतर मनमाड, नाशिक, इगतपुरी करत आणि थळ घाट उतरत कापावं लागतं. तिरप्या रेषेऐवजी काटकोनाकडे झुकलेल्या दोन बाजूंनी गेलं की किलोमीटर वाढणारच.

७०१ हा समृद्धी महामार्गाचा आकडा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडीजवळ आहे. म्हणजे ७०१ किलोमीटर संपतात तिथे मुंबई सुरू होत नाही. तिथून पुढे ठाण्याची गर्दी ओलांडायची असते, आणि ती या आकड्यात धरलेली नाही. ताशी १२० ची वेगमर्यादा पाहून "सहा तासांत मुंबई" म्हणणारे हेच विसरतात. शिवाय सलग सहा तास १२० नं कुणी गाडी चालवत नाही, चालवूही नये.

उरला ६८० चा आकडा. हा विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेचा आहे, आणि तो तुम्ही स्वतः काढू शकता. दहावीच्या पुस्तकातला पायथागोरसचा सिद्धांत त्याला पुरतो. गावातल्या शाळेत गुरुजींनी हे गणित फळ्यावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे भूमिती आणि भूगोल एकत्र येतात.

पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० भाग केले की एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. उत्तर-दक्षिण जाताना हा हिशेब सगळीकडे जवळपास सारखाच लागतो. पूर्व-पश्चिम जाताना मात्र विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितका अंश आखूड होतो, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात, म्हणजे २० अंशांच्या आसपास, पूर्व-पश्चिम एक अंश साधारण १०४ किलोमीटरचा भरतो.

आता आकडे घ्या. नागपूरचा सोनेगावचा विमानतळ आहे २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्व. मुंबईचा १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक बरोबर २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ६.१८ अंश, म्हणजे साधारण ६४५ किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. दोघींचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. कर्ण येतो ६८२ च्या आसपास. मोबाईल जो आकडा दाखवतो तोच. फोनवर नकाशात कुठल्याही जागेवर बोट दाबून धरलं की तिचे अक्षांश-रेखांश दिसतात. आपलं गाव आणि मुंबई घेऊन करून पाहा. फार लांबच्या शहरांसाठी ही रीत चालत नाही, पण हजारेक किलोमीटरपर्यंत फारशी चुकत नाही. याच हिशेबानं नागपूर ते दिल्ली ८५५ किलोमीटर आणि नागपूर ते पुणे सुमारे ६०५ किलोमीटर येतं.

लांबच्या शहरांसाठी का चालत नाही, ते टरबुजावर छान दिसतं. एक गोल टरबूज घ्या, देठ वर ठेवा. मधल्या घेरापेक्षा थोड्या वरच्या भागात, सारख्या उंचीवर, समोरासमोर दोन खुणा करा आणि दोन्ही खुणांवर दोरा ताणून धरा. दोरा आडवा न राहता देठाकडे सरकतो, कारण गोल वस्तूवर तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटरचं अंतर भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर वाटतं, विमान अरबस्तानावरून, भूमध्य समुद्रावरून सरळ जात असेल. प्रत्यक्षात सर्वांत जवळची रेषा उत्तरेला ६५ अंशांपर्यंत चढते, पार आइसलंडच्या बाजूला. काही देशांचं आकाश बंद असलं किंवा वारा प्रतिकूल असला की वैमानिक तीही रेषा सोडतात.

विमान उंच जातं, मग अंतर वाढत नाही का?

हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात आणि मोठी माणसं त्यांना गप्प करतात. उत्तर सोपं आहे. विमान ३५,००० फुटांवर जातं, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटर. तेवढं चढायला ते जमिनीवरचे दोनेकशे किलोमीटर घेतं. पुन्हा पायथागोरस लावा. २०० ही एक बाजू, १०.७ ही दुसरी. कर्ण येतो २००.३. म्हणजे चढताना जास्तीचं अंतर जेमतेम तीनशे मीटर! उतरताना तेवढंच. अंतराच्या दृष्टीनं उंचीची काळजी करू नका.

दुसरा प्रश्न त्याहून भारी असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. नागपूरच्या अक्षांशावर तो वेग ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर पश्चिमेकडची मुंबई आपोआप खाली यायला नको का? तसं होत नाही, कारण विमान ज्या हवेत आहे ती हवाही पृथ्वीसोबतच फिरते. शेतात उभे असताना तुमच्या अंगाला ताशी दीड हजार किलोमीटरचा वारा लागत नाही, त्याचंही कारण हेच.

आपल्या डोक्यावरून जाणारी विमानं

वऱ्हाडात कपाशी वेचताना वर पाहिलं तर पांढऱ्या रेघा ओढत विमानं जाताना दिसतात. त्यांतली बहुतेक नागपूरला उतरत नाहीत. दिल्लीहून हैदराबादला सरळ रेषा ओढली तर ती मोर्शी-वरूडच्या बाजूनं जाते. दिल्ली-चेन्नई रेषा काटोलच्या आसपास येते. मुंबई-कोलकाता रेषा नागपूरच्या अगदी जवळून जाते. देशाच्या चार टोकांना जोडणाऱ्या रेषा विदर्भावर एकमेकींना छेदतात. म्हणूनच वरून जाणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवणारं नागपूरचं हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र इतकं महत्त्वाचं आहे.

या भूगोलाचा फायदा टपाल खात्यानं स्वातंत्र्यानंतर लगेच घेतला होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. नागपूरपासून दिल्ली ८५५, चेन्नई ९०० च्या थोडं वर, कोलकाता हजाराच्या जरा आत आणि मुंबई ६८०. यापेक्षा सोयीचं मधलं ठिकाण देशात सापडलं नसतं. विदर्भाला मागास म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला हवी. एके काळी मुंबईहून कलकत्त्याला जाणारं पत्रसुद्धा सोनेगावला थांबून पुढे जात होतं.

तिकिटावरचा दीड तास

आता वेळेकडे वळू. एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ जातीचं विमान वर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. ६८२ भागिले ८३० म्हणजे पन्नास मिनिटांपेक्षा कमी. मग तिकिटावर दीड ते पावणेदोन तास का?

कारण तिकिटावर आकाशातली वेळ लिहिलेली नसतेच. सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची, आणि पोचण्याची वेळ म्हणजे मुंबईत आपल्या जागेवर येऊन थांबण्याची. मधे धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं असतं, रांगेत थांबणं असतं. उड्डाणानंतरही पूर्ण वेग लगेच मिळत नाही. चढायला वीसेक मिनिटं जातात. उतरायला त्याहून जास्त, कारण ३५,००० फुटांवरून उतरण्याची सुरुवात साधारण दोनशे किलोमीटर आधीच करावी लागते. नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात चढणं आणि उतरणं यातच चारशेच्या वर किलोमीटर संपतात. खऱ्या पूर्ण वेगानं जाणं उरतं वीसेक मिनिटांचं. चहाचा कप हातात येतो आणि "पट्टा बांधा" अशी सूचना होते, ती यामुळे.

मुंबईची आणखी एक अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. जवळपास सगळी वाहतूक एका पट्टीवर चालते. गर्दीच्या वेळी विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रकात मिनिटं वाढवून ठेवतात.

घरी अंदाज काढायचा असेल तर हे सूत्र लक्षात ठेवा: सरळ अंतराला ८०० नं भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. मुंबईसाठी एक तास वीस मिनिटं येतात, दिल्लीसाठी एक तास पस्तीस. त्यावर गर्दीची दहा-पंधरा मिनिटं धरा.

हे सूत्र मोठ्या जेट विमानांसाठी आहे. अमरावतीला ते लागू पडत नाही. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. तिथली धावपट्टी १,८५० मीटरची, नागपूरची ३,२०० मीटरची. बेलोऱ्याहून पंख्यांचं एटीआर-७२ विमान उडतं, आणि त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. अमरावती नागपूरपेक्षा मुंबईला १४० किलोमीटर जवळ, तरी वेळ पावणेदोन तासांच्या घरात. "जवळून जाते तरी इतका वेळ काहून?" याचं उत्तर हे. अशा विमानासाठी अंतराला ५०० नं भागायचं.

वाराही वेळ बदलतो. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून नागपूरला येणारं विमान लवकर पोचतं आणि जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात तेवढ्या उंचीवरचे वारे उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर मुंबईच्या प्रवासात फार तर दहा-बारा मिनिटांचा फरक पडेल. पण नागपूर ते कतारमधल्या दोहासारख्या २,८४० किलोमीटरच्या प्रवासात तोच वारा जाण्या-येण्यात पाऊण तासाहून जास्त फरक करू शकतो.

आखाती देशात कामाला जाणाऱ्या पोरांना एक गोष्ट आवर्जून सांगा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे, शारजा-दुबई दीड तास मागे. पहाटे ४ ला सुटलेलं विमान दोह्याला तिथल्या साडेपाचला पोचलं, तर प्रवास दीड तासाचा झाला असं नाही. तो चार तासांचा झाला. परत येताना उलट होतं, चार तासांचा प्रवास तिकिटावर साडेसहा तासांचा दिसतो. आणि रात्री १२ नंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा वाचा. १५ तारखेच्या रात्री साडेबाराचं विमान म्हणजे १४ ची संध्याकाळ संपल्यावर येणारी रात्र. यात चुकून एक दिवस उशिरा विमानतळावर पोचणारे लोक असतात, आणि गेलेल्या विमानाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

घरापासून दारापर्यंत

आता दारव्हा तालुक्यातलं एखादं गाव घ्या. तिथून टाटा हॉस्पिटलला, म्हणजे परळला जायचं आहे. यवतमाळमार्गे नागपूर विमानतळ गाठायला एसटी आणि ऑटो धरून चार तास. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचे काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात, त्यामुळे दोन तास आधी पोचलेलं बरं. एक तास चाळीस मिनिटं विमानाची. मुंबईत सामान घेऊन, बाहेर पडून, गर्दीतून परळला जायला दीड तास. बेरीज नऊ तासांच्या वर जाते. त्यातला पूर्ण वेगाचा प्रवास वीसेक मिनिटांचा.

आता रेल्वे. गावाहून नेर मार्गे बडनेरा दोन-अडीच तास, स्टेशनावर अर्धा तास, आणि रात्रभराची गाडी दहा-अकरा तास. बेरीज चौदा तास. घड्याळात विमान पाच तासांनी पुढे आहे. पण गाडीचे अकरा तास रात्रीचे आहेत, माणूस झोपून जातो आणि सकाळी दादरला उतरतो. तिथून परळ अगदी जवळ. विमानानं जाणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, आणि सकाळी लवकरची तारीख असेल तर त्याला आदल्या रात्री मुंबईत राहण्याची सोयही करावी लागते.

प्रत्येक गावाचा हिशेब वेगळा येईल. पुसद-उमरखेडकडच्यांनी नागपूरआधी नांदेडचा विमानतळ पाहावा, मेहकर-चिखलीकडच्यांनी छत्रपती संभाजीनगरचा. हिंगणघाट, उमरेड, कळमेश्वरच्या माणसाला नागपूर तासा-दीड तासावर आहे, त्याला विमान खरोखर वेळ वाचवून देतं.

रुग्णाला नेताना माझं मत असं आहे: जाताना रात्रीची गाडी घ्यावी. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते तिकीट काढण्याआधी हातात असू द्या. परतीचा विचार मात्र वेगळा करावा. उपचारानंतर अंगात त्राण नसलेल्या माणसाला गर्दीच्या डब्यात अकरा तास काढणं फार जड जातं. त्या दिवशी अमरावतीचं विमान असेल आणि पैशाची जुळवाजुळव होत असेल, तर पावणेदोन तास बसून बेलोरा, आणि तिथून गाडीनं दोन-अडीच तासांत घर. सुट्टीची तारीख डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि विमान कोणत्या वारी आहे ते पाहून त्यांना सांगा. एक दिवस मागे-पुढे करणं पुष्कळदा त्यांना शक्य असतं.